बेटावरील खोकड

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. त्याच्या दक्षिण भागासमोर, पॅसिफिक महासागरात, आठ बेटे विखुरलेली आहेत. त्यांस चॅनेल बेटे असे म्हणतात. त्यांपैकी सर्वांत जवळचे बेट किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटरांवर, तर सर्वांत दूरचे सुमारे १०० किलोमीटरांवर आहे. बेटांच्या कडा उंच व तुटलेल्या आहेत. त्यांवर समुद्राच्या लाटा अहोरात्र आदळत असतात. वारा सतत वाहतो आणि कित्येक दिवस सकाळी दाट धुके पसरते. उघड्या माळावर गवत व खुरटी झुडपे वाढतात. जेथे दरीखोऱ्यांत आडोसा मिळतो, तेथे ओक आणि देवदाराच्या जातीची झाडे दिसतात.

या आठांपैकी सहा बेटांवर एक लहानसे खोकड राहते. जगाच्या पाठीवर अन्यत्र कोठेही ते रानात आढळत नाही.

आपल्याकडे कोल्हा आणि खोकड या दोन नावांचा पुष्कळदा घोटाळा होतो. गोष्टींतून आपल्याला भेटणारा आणि तिन्हीसांजेनंतर शिवारात कोल्हेकुई करणारा तो कोल्हा. खोकड त्याहून लहान व सडपातळ असते. त्याचे तोंड निमुळते आणि शेपूट झुबकेदार असते. महाराष्ट्रातील माळरानांवर ते बीळ करून राहते. चॅनेल बेटांवरील प्राणी दिसण्यात आणि राहणीत या खोकडासारखा आहे, म्हणून त्यालाही खोकड म्हणणेच योग्य. मात्र दोघांची कुळे वेगळी आहेत आणि बेटावरचे खोकड आकाराने आपल्या खोकडाहूनही लहान आहे.

किती लहान? घरातील मांजराएवढे. त्याचे वजन एक किलोग्रॅमपासून फार तर पावणेतीन किलोग्रॅमपर्यंत भरते. खांद्याजवळ त्याची उंची जेमतेम ३० सेंटिमीटर असते. पाठ राखाडी, कानांमागचा भाग, मान, कुशी आणि पाय तांबूस, तर पोट पांढरट असते. शेपटीच्या वरच्या बाजूने एक काळी रेघ टोकापर्यंत जाते. डोळ्यांभोवती व ओठांशी काळ्या रंगाची छटा असल्यामुळे, कोणी काजळ घातले असावे, असा त्याच्या चेहऱ्याचा भास होतो.

समुद्राने वेढलेल्या या बेटांवर हा प्राणी मुळात आला कसा? अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राखी खोकड नावाचा एक प्राणी आहे. तो बेटावरील खोकडाचा पूर्वज होय. हिमयुगात पृथ्वीवरील पुष्कळसे पाणी बर्फाच्या रूपाने गोठलेले होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा बरीच खाली होती. त्या काळी उत्तरेकडील चार बेटे एकमेकांस जोडलेली असून त्यांचे मिळून एक मोठे बेट झाले होते. मुख्य भूमी आणि ते बेट यांच्यामध्ये मात्र तेव्हाही पाणी होतेच. एखाद्या वादळात उन्मळलेल्या झाडांच्या ओंडक्यांवर बसून काही राखी खोकडे वाहत आली असावीत, असे काही शास्त्रज्ञ मानतात. इतरांच्या मते त्यांना माणसानेच होडीतून आणले. याविषयी अद्याप एकमत नाही. दक्षिणेकडील बेटांवर मात्र ती माणसाबरोबर गेली, असे बहुतेक सर्व अभ्यासक मानतात.

त्या बेटांवर हजारो वर्षांपासून माणसांची वस्ती होती. उत्तरेस चुमाश आणि दक्षिणेस टोंग्वा नावाचे लोक राहत. ते होड्यांतून बेटाबेटांमध्ये ये-जा करीत. खोकडाच्या कातड्याचा ते वस्त्रासारखा उपयोग करीत. चुमाश लोकांच्या सोहळ्यांत खोकडाचे एक खास नृत्यही असे. जुन्या वस्त्यांच्या जागी उत्खनन करताना, विधिपूर्वक पुरलेली खोकडेही सापडली आहेत. यावरून या लहानशा प्राण्याचे त्या लोकांच्या जीवनात काय स्थान होते, याची कल्पना येते.

पुढे समुद्र चढत गेला, मोठे बेट खंडित झाले आणि प्रत्येक बेटावरील खोकडे इतरांपासून वेगळी पडली. हजारो पिढ्यांच्या काळात त्यांच्यात थोडेथोडे भेद उत्पन्न झाले. आज सहा बेटांवर खोकडांच्या सहा उपजाती आहेत. शेपटीतील मणक्यांची संख्यासुद्धा सर्वत्र सारखी नाही.

पूर्वजांच्या मानाने ही खोकडे एवढी लहान का झाली, याचे उत्तर बेटाच्या स्वरूपातच आहे. बेटावर जागा थोडी आणि अन्नही मोजकेच. ज्याचे शरीर लहान, त्याचे थोडक्यात भागते. दुष्काळाच्या वर्षी मोठ्या अंगाचे खोकड उपाशी राहील, परंतु लहान खोकड तग धरून पिल्ले वाढवील. असे पिढ्यानपिढ्या घडत गेले म्हणजे सगळी जातच लहान होते.

खाण्याच्या बाबतीत हे खोकड मुळीच चोखंदळ नाही. उंदीर, नाकतोडे, भुंगेरे, सरडे, पक्ष्यांची अंडी, किनाऱ्यावरील खेकडे, यांपैकी जे मिळेल ते त्याला चालते. फळेही ते आवडीने खाते. आपल्याकडे शेताच्या बांधावर जो फड्या निवडुंग दिसतो, तो मूळचा अमेरिकेतील. तशाच निवडुंगाची लाल बोंडे बेटांवरील खोकडे काट्यांना न जुमानता फस्त करतात. फळांतील बिया त्यांच्या विष्ठेतून दूरवर जाऊन पडतात आणि तेथे नवी झुडपे उगवतात. अशा रीतीने, जे बेट खोकडाला पोसते, त्या बेटाची थोडीशी लागवड खोकडही करीत असते.

झाडावर चढण्याची कला त्याला चांगली अवगत आहे. कुत्र्याच्या व लांडग्याच्या गणगोतात ही कला फारच थोड्यांना साधते. फळांसाठी किंवा घरट्यातील अंड्यांसाठी ते फांद्यांवरून मांजराच्या सफाईने फिरते.

थंडी सरत आली की, म्हणजे जानेवारी ते मार्च या काळात, नर व मादी एकत्र दिसू लागतात. एकदा जमलेली जोडी सहसा मोडत नाही. सुमारे पन्नास दिवसांनी, एप्रिलच्या अखेरीस अथवा मे महिन्याच्या आरंभी, खडकाच्या कपारीत, झुडपाच्या बुंध्याशी किंवा पोकळ ओंडक्यात मादी प्रसूत होते. पिल्ले बहुधा दोन असतात. क्वचित एक, क्वचित चार-पाच. जन्मतः पिल्लाचे वजन अवघे १०० ग्रॅम असते. त्याचे डोळे मिटलेले असून अंगावर काळसर लव असते. नर कुटुंबाची साथ सोडत नाही. तोही पिल्लांसाठी भक्ष्य आणतो. जूनमध्ये पिल्ले बाहेर येऊन आईबापांच्या मागून हिंडू लागतात. काय खावे आणि ते कसे मिळवावे, याचे धडे त्यांना उन्हाळाभर मिळतात. सप्टेंबरच्या सुमारास ती स्वतंत्र होतात.

या प्राण्याचा एक विशेष असा की, त्याला भीती फारशी ठाऊक नाही. मुख्य भूमीवरील राखी खोकडाला अनेक शत्रू असल्यामुळे ते प्रायः रात्री हिंडते. बेटांवर खोकडाहून मोठा शिकारी प्राणी नव्हता. तेव्हा लपण्याची गरज उरली नाही आणि खोकड दिवसाउजेडी, उघड्या माळावर, निर्धास्तपणे फिरू लागले. माणसाला पाहूनही ते पळत नाही. उलट कुतूहलाने जवळ येते. हजारो वर्षे या निर्धास्तपणाने त्याचे काही बिघडले नाही. परंतु एक वेळ अशी आली की, हाच स्वभाव त्याच्या जिवावर बेतला.

१९८० साली अमेरिकेच्या सरकारने पाच बेटांचे मिळून एक राष्ट्रीय उद्यान स्थापन केले. पुढे तेथील शास्त्रज्ञांनी दर वर्षी खोकडांची मोजदाद करण्याचा परिपाठ ठेवला. ठरलेल्या जागी आमिष ठेवून पिंजरे मांडावयाचे. सकाळी त्यांत सापडलेल्या खोकडांचे वजन करावयाचे, खूण करावयाची आणि त्यांना सोडून द्यावयाचे, असे हे काम असे. दिसावयास साधे, परंतु कंटाळवाणे. वर्षानुवर्षे तेच पिंजरे आणि तेच आकडे. या मोजदादीतूनच एक भयंकर गोष्ट उघडकीस आली. सान मिगेल बेटावर १९९४ साली सुमारे ४५० खोकडे होती. १९९९ साली ती अवघी १५ उरली. सांता रोझा बेटावर सतराशेहून अधिक खोकडे होती; २००० साली तेथेही १५ च शिल्लक राहिली. सांता क्रूझ बेटावर चौदाशेंच्या घरात असलेली संख्या शंभराच्या आत आली.

खोकडे मरत होती हे निश्चित. पण कशाने, हे कोणालाच कळेना. रोग म्हणावा, तर तशी लक्षणे नव्हती. उपासमार म्हणावी, तर अन्न होते. तेव्हा शास्त्रज्ञांनी काही खोकडांच्या गळ्यात रेडिओचे लहान पट्टे बांधले. या पट्ट्यांतून सतत संकेत निघतो. खोकड बराच काळ निश्चल पडून राहिले की संकेताची लय बदलते आणि ऐकणाऱ्याला समजते की, ते बहुधा गतप्राण झाले आहे. संकेताच्या रोखाने शोध घेत गेल्यावर मृत खोकडे सापडू लागली. त्यांच्या अंगावर मोठ्या नख्यांच्या खुणा होत्या. मारणारा आकाशातून आला होता. तो होता सोनेरी गरुड.

सोनेरी गरुड हा मुख्य भूमीवरील बलाढ्य शिकारी पक्षी. त्याच्या पसरलेल्या पंखांची लांबी दोन मीटरांपर्यंत असते. वर न पाहता, उघड्या माळावर, भर दिवसा फिरणारे दोन किलोग्रॅम वजनाचे खोकड म्हणजे त्याला सहज साधणारे भक्ष्य. तथापि येथे एक नवे कोडे उभे राहिले. किनारा फार दूर नव्हता आणि गरुडाचे पंख काही आजचे नव्हते. मग इतकी वर्षे तो बेटांवर ठाण मांडून का बसला नाही? आणि १९९० नंतरच्या दशकातच का बसला?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना फार मागे जावे लागले. एकोणिसाव्या शतकात बेटांवर पशुपालक आले. त्यांनी मेंढ्या, गुरे आणि डुकरे आणली. मेंढ्यांनी झुडपे व गवत खाऊन माळ उघडे केले. त्यामुळे खोकडाचा आडोसा नाहीसा झाला. सांता क्रूझ बेटावर डुकरे मोकाट सुटून रानटी बनली आणि त्यांची संख्या वाढत गेली. त्यांची पिल्ले बारा महिने गरुडाला अन्न पुरवू लागली. केवळ खोकडांवर गरुडांचे कुटुंब फार काळ पोसले गेले नसते. डुकरांच्या पिल्लांनी त्यांच्या मुक्कामाची सोय केली. एकदा मुक्काम झाल्यावर शेजारच्या बेटांवर झेप घेणे त्यांना अवघड नव्हते.

तरीही एक पहारेकरी पूर्वी तेथे होता. तो म्हणजे पांढऱ्या डोक्याचा गरुड. अमेरिकेच्या राजमुद्रेवर १७८२ सालापासून त्याचेच चित्र आहे. हा गरुड मुख्यतः मासे आणि समुद्रपक्षी खातो; खोकडाच्या वाटेला तो सहसा जात नाही. परंतु आपल्या हद्दीत दुसरा गरुड त्याला खपत नाही. कित्येक शतके या पहारेकऱ्याची घरटी बेटांच्या कड्यांवर होती आणि त्याच्या धाकामुळे सोनेरी गरुडाला तेथे घरटे बांधणे जड जात असे.

हा पहारेकरी गेला कोठे? काही गरुड लोकांच्या बंदुकांना बळी पडले. पण अखेरचा घाव घातला तो डी. डी. टी. या कीटकनाशकाने. डासांचा नाश करून या औषधाने जगभर असंख्य माणसांचे प्राण वाचविले. आपल्या देशातही १९५३ साली सुरू झालेल्या हिवतापाच्या मोहिमेत घरोघर त्याची फवारणी झाली. ज्या औषधाने एवढे भले केले, तेच चुकीच्या ठिकाणी साठल्यावर घातक ठरले. लॉस एंजेलिस शहराच्या परिसरातील एका कारखान्यातून डी. डी. टी.मिश्रित सांडपाणी कित्येक वर्षे समुद्रात सोडले जात होते. ते विष पाण्यातून सूक्ष्म जीवांत, त्यांच्यातून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत आणि तेथून मासे खाणाऱ्या गरुडांच्या शरीरात साठत गेले. त्यामुळे गरुडांच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ होऊ लागली की, मादी अंडी उबविण्यास बसली की तिच्याच भाराने ती फुटत. पिल्ले जन्मास येईनाशी झाली. १९६० नंतरच्या काळात बेटांवर पांढऱ्या डोक्याचा एकही गरुड घरटे करीनासा झाला. अमेरिकेने १९७२ साली डी. डी. टी.च्या वापरावर बंदी घातली. परंतु तोपर्यंत पहारा उठला होता.

आता सारी साखळी स्पष्ट झाली. कोणी मेंढ्या व डुकरे आणली ती पोटापाण्यासाठी. कोणी औषध निर्माण केले ते डास व कीड मारण्यासाठी. खोकडाचे वाईट व्हावे असे यांपैकी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. कित्येकांना बेटावर असा प्राणी आहे हेही ठाऊक नसेल. तरीही शंभर-दीडशे वर्षांच्या अंतराने घडलेली ही कृत्ये एकत्र आली आणि त्यांचा भार त्या मांजराएवढ्या जिवावर पडला.

याच सुमारास दक्षिणेकडील सांता कॅटालिना बेटावर दुसरेच संकट कोसळले. तेथे १९९९ साली कुत्र्यांना होणारी डिस्टेंपर नावाची साथ खोकडांत शिरली. बाहेरून आलेल्या एखाद्या प्राण्याबरोबर ती आली असावी. बेटावर अलग राहिलेल्या खोकडांच्या अंगी या रोगाशी झुंजण्याचे बळ नव्हते. वर्षभरात तेराशेंच्या आसपास असलेली खोकडे केवळ शंभराच्या घरात आली.

शास्त्रज्ञांपुढे आता विचार करीत बसण्यास वेळ नव्हता. १९९९ साली सान मिगेल बेटावरील उरलेल्या १५ खोकडांपैकी १४ पकडून मोठमोठ्या जाळीदार कोंडवाड्यांत ठेवण्यात आली. पुढे सांता रोझा आणि सांता क्रूझ येथेही तसेच करण्यात आले. जी खोकडे कधी भिंत पाहून वाढली नव्हती, त्यांना काही वर्षे जाळीआड राहावे लागले. पण वर जाळी होती म्हणून गरुडापासून ती वाचली. त्यांच्या जोड्या लावण्यात आल्या. प्रत्येक जोडी जमलीच असे नाही. काहींची भांडणे होत आणि त्यांना वेगळे करावे लागे. हळूहळू पिल्ले होऊ लागली.

दुसरे काम गरुडांचे. सोनेरी गरुड हाही कायद्याने संरक्षण दिलेला पक्षी आहे. एका जिवाला वाचविण्यासाठी दुसऱ्याला मारणे इष्ट नव्हते. म्हणून गरुडांना जिवंत पकडण्याचे ठरले. कड्यांवर राहणारा, दुरूनच माणूस हेरणारा हा पक्षी सहजासहजी जाळ्यात येत नाही. १९९९ ते २००६ या काळात ४४ सोनेरी गरुड पकडून कॅलिफोर्नियाच्या ईशान्य भागात दूरवर सोडण्यात आले.

तिसरे काम सर्वांत कठीण होते. जोपर्यंत सांता क्रूझवर डुकरे होती, तोपर्यंत नवे गरुड येतच राहिले असते. परंतु गरुड बेटावर असतानाच डुकरे नाहीशी झाली असती, तर भुकेल्या गरुडांनी उरलीसुरली खोकडेही संपविली असती. म्हणून आधी गरुड आणि मग डुकरे, असा क्रम ठेवावा लागला. २००५ व २००६ या दोन वर्षांत पाच हजारांहून अधिक डुकरे मारण्यात आली. पुष्कळ लोकांना हे रुचले नाही. त्यांनी विरोधही केला. डुकरांचा तरी काय अपराध होता? त्यांना बेटावर माणसानेच आणले होते. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देणे सोपे नाही. पूर्वजांनी विचार न करता टाकलेले पाऊल मागे घेताना पुढच्यांना किती कठोर व्हावे लागते, हे मात्र यावरून दिसते.

चौथे काम पहारेकऱ्याला परत बोलावण्याचे. २००२ ते २००६ या काळात पांढऱ्या डोक्याच्या गरुडाची ६१ पिल्ले सांता क्रूझ बेटावर आणून वाढविण्यात आली व सोडण्यात आली. समुद्रातील विष अद्याप पूर्णपणे गेले नव्हते. त्यामुळे अंडी टिकतील की नाही, याची धास्ती होती. २००६ साली एका घरट्यात पिल्लू अंड्यातून सुखरूप बाहेर आले. अर्धशतकाहून अधिक काळात, माणसाच्या मदतीवाचून, उत्तरेकडील बेटांवर जन्मलेले ते पहिले पिल्लू होते.

इकडे कोंडवाड्यांतील खोकडे टप्प्याटप्प्याने मोकळी करण्यात येत होती. २००८ साली शेवटचे कोंडवाडे रिकामे झाले. सांता कॅटालिना बेटावरही खोकडांना रोगप्रतिबंधक लस टोचून त्यांची संख्या सावरण्यात आली. २००४ साली चार बेटांवरील खोकडांची नोंद सरकारने विनाशाच्या वाटेवरील प्राण्यांत केली होती. २०१५ च्या सुमारास सान मिगेल बेटावर सुमारे ७००, सांता रोझा बेटावर सुमारे १२००, सांता क्रूझ बेटावर सुमारे २१०० आणि सांता कॅटालिना बेटावर सतराशेहून अधिक खोकडे होती. २०१६ साली उत्तरेकडील तिन्ही बेटांवरील खोकडांची नावे त्या यादीतून वगळण्यात आली. कॅटालिनाच्या खोकडाचा धोका कमी झाल्याचे मान्य करून त्याला सौम्य वर्गात ठेवण्यात आले. अमेरिकेतील त्या कायद्याखाली इतक्या थोड्या वर्षांत सावरलेला सस्तन प्राणी तोपर्यंत दुसरा नव्हता.

तरीही काम संपलेले नाही. बेटावर जागा मर्यादित असल्यामुळे खोकडांची संख्या पावसापाण्याप्रमाणे कमीअधिक होत राहते. थोड्याशा खोकडांपासून सारी प्रजा वाढल्यामुळे एखादी नवी साथ आल्यास ती झपाट्याने पसरण्याची भीती असते. म्हणून दर वर्षी पिंजरे मांडले जातात, काही खोकडांना लस टोचली जाते, काहींच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधला जातो. राष्ट्रीय उद्यानाच्या बेटांवर पाळीव कुत्रे नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. खोकड कितीही जवळ आले, तरी त्याला खाऊ घालू नये असाही नियम आहे. त्याला पाहावे, आणि त्याच्या वाटेने जाऊ द्यावे.

माणसाच्या हातून जे बिघडले, ते माणसाच्याच हातून पुष्कळ अंशी सुधारले, अशी ही हकीकत आहे. परंतु ते सुधारण्यास अवसर मिळाला कशामुळे, हे विसरून चालणार नाही. धुक्यात व वाऱ्यात पिंजरे मांडून, आलेली खोकडे निमूटपणे मोजीत राहणारी काही माणसे त्या बेटांवर होती. त्यांनी एखादे वर्ष आळस केला असता, ‘असतील कोठे तरी’ असे म्हणून वहीत जुनाच आकडा लिहिला असता, तर १५ ची संख्या कोणाच्या ध्यानी येण्यापूर्वीच शून्यावर गेली असती.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) बेटावरील खोकडे आकाराने लहान का झाली?
(आ) राखी खोकड रात्री हिंडते, तर बेटावरील खोकड दिवसा हिंडते. याचे कारण काय?
(इ) मृत खोकडांचा शोध कसा लागला?

२. कारणे द्या.
(अ) पांढऱ्या डोक्याच्या गरुडाला पाठात ‘पहारेकरी’ म्हटले आहे.
(आ) डुकरांच्या आधी सोनेरी गरुडांना बेटावरून हलवावे लागले.
(इ) डी. डी. टी. समुद्रात गेल्यावर गरुडांची अंडी फुटू लागली.

३. ‘एका साखळीचा एक दुवा निखळला की सारी साखळी ढिली होते.’ हे विधान पाठाच्या आधारे आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

४. डुकरे मारण्याच्या निर्णयास पुष्कळांनी विरोध केला. तुम्ही त्या वेळी तेथे असता, तर कोणत्या बाजूने बोलला असता? आपले मत कारणांसह मांडा.

५. पुढील शब्द व वाक्प्रचार यांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
चोखंदळ, परिपाठ, आडोसा, गतप्राण, जिवावर बेतणे, ठाण मांडणे, तग धरणे.

६. उपक्रम : आपल्या घराजवळील किंवा शाळेजवळील एखादा पक्षी निवडा. एक महिनाभर दररोज ठरावीक वेळी, ठरावीक जागेवरून दिसणाऱ्या त्या पक्ष्यांची संख्या वहीत टिपून ठेवा. ज्या दिवशी मोजता आले नाही, त्या दिवसाची जागा कोरी सोडा. अंदाजाने आकडा लिहू नका.